जागा-घर घेताना वकील कोणाचा?



हंगाम आटोपला, शेवटच्या उसाचे बिल खात्यावर जमा झाले, की आमच्या गट ऑफिसात येणाऱ्या चौकश्यांचा रंग बदलतो. हंगामात "तोड कधी?" असे विचारणारी मंडळी आता "तालुक्याला एक प्लॉट बघितलाय, काय वाटतं?" असे विचारू लागतात. कुणाला पोरांच्या शाळेसाठी तालुक्याला दोन खोल्या हव्या असतात, कुणाला पुण्याला नोकरीला लागलेल्या मुलासाठी फ्लॅट, तर कुणाला म्हातारपणी दवाखाना जवळ असावा म्हणून बाजारगावातले जुने घर. हेतू चांगलाच असतो, पैसाही घामाचा असतो. घोटाळा होतो तो मधल्या कागदात, आणि तो कागद बघायला नेमलेल्या माणसात. त्या माणसाविषयी, म्हणजे वकिलाविषयी, या अंकात थोडे सविस्तर लिहीत आहोत.

आधी एक हकीकत सांगतो. नाव-गाव सांगत नाही, कारण गृहस्थ अजून आपल्यातच आहेत आणि झाले ते त्यांना पुरेसे झाले आहे.

या सभासदाने तालुक्याच्या गावी बिनशेती झालेला अडीच गुंठ्यांचा प्लॉट घेतला. व्यवहार जुळवणारा एजंट ओळखीचा. तो म्हणाला, "वकिलाची काळजी सोडा, आपलाच माणूस आहे. फी-बी काही नाही, माझ्याकडून." सातबारा बघितला तर कोरा करकरीत. एकाच माणसाचे नाव, इतर हक्कात काही नाही. खरेदीखत नोंदले गेले, फेरफारही झाला. पाया भरून भिंती लिंटलपर्यंत आल्या आणि कोर्टाचा मनाई हुकूम हातात पडला. विकणाऱ्याच्या दोन बहिणींनी वाटपाचा दावा लावला होता. जमीन वडिलार्जित. प्लॉट पडण्यापूर्वीच्या जुन्या सातबाऱ्यावर भावाच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' अशी तीन अक्षरे होती. जमीन बिनशेती होऊन प्लॉटवार नवे सातबारे निघाले तेव्हा ती अक्षरे गळून पडली. नुसता नवा उतारा बघणाऱ्याला ती दिसणार कशी?

तीन वर्षे तारखा झाल्या. शेवटी तडजोड झाली. बहिणींनी रक्कम घेऊन नोंदणीकृत दस्ताने आपला हक्क सोडला, आणि ती रक्कम भरली आमच्या सभासदाने, कारण विकणाऱ्याने पैसे केव्हाच दुसरीकडे घातले होते. एका हंगामाचे सगळे बिल त्यात गेले.

त्या वकिलाला त्यांनी जाब विचारला तेव्हा तो म्हणाला, "मला खरेदीखत लिहायला सांगितलं होतं, ते मी बरोबर लिहिलं. शोध घ्यायला कुणी सांगितलं होतं?" ऐकून राग येतो. पण त्याचे म्हणणे त्याच्यापुरते खरे होते. आमच्या सभासदाने त्याला नेमलेच नव्हते. त्याला नेमले होते एजंटाने, आणि एजंटाला व्यवहार पुरा होण्यात रस होता, जुना सातबारा उकरून तो मोडण्यात नव्हता.

वकील म्हणजे नेमका कोण?

मुंबईकडच्या मंडळींच्या तोंडी 'सॉलिसिटर' हा शब्द असतो. आपल्याकडे तालुक्याला तसा वेगळा वर्ग नाही. १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स कायद्याखाली ज्याच्याकडे सनद आहे तो वकील, आणि मालमत्तेचे कागद तपासण्याचे कामही तोच करतो. मात्र दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर टेबल मांडून बसलेले सगळेच वकील नसतात. त्यांत बाँडरायटर असतात, स्टँप व्हेंडर असतात. ती मंडळी दस्त सुबक लिहून देतात, चतुःसीमा बिनचूक घालतात, दोन साक्षीदारही उभे करतात. ते कामही लागतेच. पण 'ही जागा घ्यावी की घेऊ नये' हे सांगणे त्यांचे काम नाही, आणि सांगितले तरी त्याची जबाबदारी त्यांच्यावर येत नाही.

याच ठिकाणी दुसरी एक समजूत काढून टाकली पाहिजे. "सरकारी ऑफिसात नोंदलंय, अंगठा झालाय, फोटो झालाय, मग मालकी पक्की," असे आपण धरून चालतो. दुय्यम निबंधक बघतात ते दस्त लिहून देणारी माणसे तीच आहेत का, मुद्रांक पुरेसा आहे का, सोबतचे कागद जोडलेत का. विकणारा खरोखर मालक आहे की नाही, याची चौकशी ते करीत नाहीत. ज्याची जमीन नाही त्याने लिहून दिलेले खरेदीखतसुद्धा नोंदले जाऊ शकते. मालकी तपासायची ती घेणाऱ्याने, म्हणजे आपण.

वकील शोधायचा कसा?

वकिलांना आपल्या धंद्याची जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. त्यामुळे विचारूनच शोधावा लागतो. पाटी मोठी, गाडी मोठी, हे काही माप नव्हे. फौजदारी कोर्ट गाजवणारा नामांकित वकील जुने फेरफार वाचण्यात कच्चा असू शकतो, आणि कोपऱ्यातल्या लहानशा खोलीत बसणारा एखादा वकील तालुक्यातल्या गटांचा इतिहास तोंडपाठ सांगतो. काही सभासद कारखान्याच्या कायदा सल्लागारांकडे पाठवा म्हणून आग्रह धरतात. ते कामगार आणि सहकार कायद्यातले जाणकार आहेत, जमिनीच्या शोधाचे काम वेगळे आहे.

आमचा अनुभव असा की दोन ठिकाणी विचारल्यास बहुधा योग्य नाव मिळते. पहिले ठिकाण म्हणजे त्याच गावात गेल्या पाच-सात वर्षांत घर घेतलेली चार माणसे. दुसरे म्हणजे बँक. घरकर्ज देणाऱ्या बँका मालकी हक्काचा शोध घेण्यासाठी ठरावीक वकील नेमतात, त्याला पॅनेल म्हणतात. आपल्याला कर्ज काढायचे नसले तरी शाखाधिकाऱ्याला पॅनेलवरची नावे विचारायला काही हरकत नाही. कर्ज काढत असाल तर मात्र एक लक्षात ठेवा. बँकेच्या वकिलाने घेतलेला शोध बँकेसाठी असतो. बँकेला आपले कर्ज वसूल होईल एवढे पाहायचे असते, शेजाऱ्याशी बांधाचा तंटा आहे का, रस्ता कुणाच्या हद्दीतून आहे, हे तिला तितकेसे महत्त्वाचे नाही.

पहिल्या भेटीत विचारायला लाजू नये. उसाचे बेणे घेताना डोळा बघून घेतो, मग इथे संकोच कसला? सरळ विचारावे: या व्यवहारात विकणाऱ्याचे, एजंटाचे किंवा बिल्डरचे काम आपण पाहता का? शोध किती वर्षांचा घेणार? निबंधक कार्यालयात स्वतः किंवा आपला माणूस जाणार, की फक्त संगणकावर बघणार? जुने फेरफार काढणार का? दिवाणी कोर्टात या जागेवर दावा चालू आहे का ते पाहणार का? आणि अहवाल लेखी, सहीनिशी, सनद क्रमांकासह देणार का? फी किती, ती शोधाची वेगळी आणि दस्ताची वेगळी का, आणि पावती मिळेल का, हेही आधीच बोलून घ्यावे. "व्यवहार झाला तरच फी द्या," म्हणणाऱ्या वकिलापासून आम्ही तरी दूर राहू. व्यवहार मोडावा असे सांगण्याची वेळ आली तर त्याने काय करायचे?

"आधी इसार देऊन टाका, जागा जाईल, कागद मागून बघू," असे वकीलच म्हणू लागला तर मुकाट्याने नमस्कार करून उठावे.

विकणारा आणि घेणारा दोघांचा मिळून एकच वकील, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. भाऊबंदकीत, ओळखीत ती चालून जाते. पण दोघांचे हित जिथे वेगळे होते तिथे तो गप्प बसतो, आणि ते गप्प बसणे महाग पडते. वेगळ्या वकिलाची फी वाचवू नये.

तीस वर्षांचा शोध कशासाठी?

वकील 'तीस वर्षांचा सर्च' म्हणतात. तीसच का, असे एका सभासदाने आम्हाला विचारले होते. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे गहाण ठेवलेली मिळकत सोडवून घेण्याचा दावा तीस वर्षांपर्यंत करता येतो. आता आपल्याकडे 'मुदतखरेदी' किती झाल्या आहेत ते आठवा. लग्नाला, दवाखान्याला पैसे लागले, सावकाराने खरेदीखतच लिहून घेतले आणि आत एक अट घातली की अमुक वर्षांत पैसे दिल्यास जमीन परत. अशी अट त्याच दस्तात असेल तर कोर्ट ती खरेदी न धरता गहाण धरू शकते, आणि मूळ मालकाची मुले पंचवीस वर्षांनी येऊन उभी राहू शकतात. म्हणून शोध लांबचा हवा, आणि सूचीतली नुसती नावे वाचून भागत नाही, मधले दस्त मागवून आतला मजकूर वाचावा लागतो.

शोध घेतात तो निबंधक कार्यालयातील सूची क्रमांक २ वरून. अलीकडच्या नोंदी सरकारच्या संकेतस्थळावर घरबसल्या दिसतात, ही चांगली सोय झाली आहे. पण सर्वच जुन्या नोंदी तिथे सापडत नाहीत. जुन्या सूचीची पाने फाटलेली, गहाळ झालेली असतात. चांगला वकील अहवालात तसे स्पष्ट लिहितो की अमुक वर्षांची पाने फाटलेली आढळली. असे वाक्य वाचून घाबरू नये, उलट माणसाने खरेच पाने उलटली आहेत असे समजावे. मग त्या काळासाठी फेरफारांवर जास्त भर द्यावा लागतो.

जाहीर नोटीस वर्तमानपत्रात द्यावी. कायद्याने ती प्रत्येक वेळी सक्तीची नाही, पण दडलेला हक्कदार तिने बाहेर येतो, आणि पुढे वाद झालाच तर आपण उघडपणे, प्रामाणिकपणे खरेदी केली हे दाखवायला उपयोगी पडते. फक्त ती त्या गावात वाचल्या जाणाऱ्या पेपरात द्यावी. गावात ज्याचा एकही अंक येत नाही अशा पेपरात कोपऱ्यात छापलेली नोटीस आम्ही पाहिली आहे. ती कुणासाठी छापली होती, देव जाणे.

सातबाऱ्यावरची बारीक अक्षरे

सातबारा हा आपल्या रोजच्या ओळखीचा कागद, म्हणून आपण तो वाचत नाही, नुसता बघतो. तो मुळात महसुली अभिलेख आहे. १९६६ च्या जमीन महसूल संहितेप्रमाणे त्यावरची नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरतात, एवढेच. तो मालकीचा दस्त नव्हे.

'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. नाव एकाचे, पण मागे भाऊ, बहिणी, आई यांचे हिस्से असू शकतात. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता, त्या नावामागे कधी काळी अज्ञान असलेले मूल आहे. अज्ञानाच्या स्वतःच्या हिश्श्याची स्थावर मिळकत आई-वडिलांनासुद्धा कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, हे १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात आहे. तशी विकली असेल तर मूल सज्ञान झाल्यावर तीन वर्षांत ती खरेदी रद्द करून मागू शकते.

बहिणींविषयी तर अजूनही गैरसमज आहेत. "त्यांची लग्नं झाली, त्यांना काय मिळतंय," हे आता चालत नाही. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला वडिलार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला. वडील २००५ पूर्वी वारले असले तरी हा हक्क जन्माने आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेली वाटपे आणि विक्री तेवढी सुरक्षित आहेत. तेव्हा वडिलार्जित जागा घेताना सगळ्या बहिणींच्या सह्या खरेदीखतावर घ्याव्यात, नाहीतर नोंदणीकृत हक्कसोडपत्र मागावे. तलाठ्यापुढे दिलेला जबाब किंवा साध्या कागदावरची संमती यावर लाखो रुपये टाकू नयेत.

भोगवटादार वर्ग २ असे लिहिलेले दिसले की तिथेच थांबावे. ती जमीन सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाही. इतर हक्कात 'कु.का. कलम ४३ ला पात्र' असेल तर ती कुळाला मिळालेली जमीन. आपल्या लाभक्षेत्रात पुनर्वसनाचे शेरेही पुष्कळ उताऱ्यांवर आहेत. प्रत्येकाची परवानगी वेगळी, अधिकारी वेगळा. "परवानगी काढून देतो" हे विकणाऱ्याचे तोंडी आश्वासन धरू नये. परवानगी आधी हातात पडावी, रक्कम मग.

आणि 'इकरार'. हा तर आपल्या विकास सोसायटीचाच बोजा. सभासदाने पीककर्जासाठी जमिनीवर बोजा लिहून दिला की कर्ज फिटेपर्यंत ती विकायला १९६० च्या सहकारी संस्था कायद्याच्या कलम ४८ ची आडकाठी येते. त्या अटी मोडून केलेली विक्री रद्दबातल ठरते. सोसायटीचा बेबाकी दाखला घ्या, आणि बोजा कमी झाल्याचा फेरफार झाल्यावरच पुढे जा. आमच्यापैकी कितीतरी जण सोसायटीच्या पंच कमिटीवर बसतात, तरी हे विसरतात.

गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. सिटी सर्व्हे झालेला असेल तर मिळकत पत्रिका असते. नसेल तर लोक ग्रामपंचायतीचा नमुना ८ दाखवतात. तो घरपट्टी आकारणीचा उतारा आहे, घरपट्टी भरणारा मालकच असतो असे नाही. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन अनेक गावठाणांच्या मिळकत पत्रिका तयार झाल्या आहेत. आपल्या गावची झाली असेल तर ती मागून घ्यावी.

जागा कोणतीही असो, कागदावर चार गुंठे आणि जाग्यावर साडेतीन असे निघणे नवीन नाही. भूमी अभिलेख खात्याची मोजणी खरेदीपूर्वी करून घ्यावी. तिचा खर्च विकणाऱ्याने करायचा की आपण, हे इसाराच्या वेळी ठरवता येते.

इसार, साठेखत आणि 'पाचशेचा स्टँप'

पाचशेच्या स्टँपवर लिहून नोटरीचा शिक्का मारला की जागा आपली झाली, असे मानणारे अजून भेटतात. नोटरी सही कुणाची एवढे सांगतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे साठेखताने मालकी येत नाही, मालकी येते ती नोंदणीकृत खरेदीखतानेच. साठेखत नुसते पुढे खरेदी देण्याचा करार आहे. तरी तेही नोंदवून घ्यावे, म्हणजे तीच जागा दुसऱ्याला विकण्याचा मोह झालाच तर सूचीत आपले नाव आधी दिसेल. साठेखताबरोबर ताबा घेतला तर खरेदीखताइतका मुद्रांक लागतो. तो पुढे खरेदीखताच्या वेळी जमेस धरतात.

साठेखतात वकिलाने एक अट घातलीच पाहिजे: मालकी हक्क निर्वेध न निघाल्यास इसाराची पूर्ण रक्कम इतक्या दिवसांत परत. ही ओळ नसल्यामुळे अडकलेले इसार आम्हाला ठाऊक आहेत. मुदतीची तारीखही घालावी, कारण विकणाऱ्याने टाळाटाळ केली तर करारपूर्तीचा दावा त्या तारखेपासून तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. तारीखच नसेल तर त्याने नकार दिल्याचे आपल्याला कळल्यापासून तीन वर्षे. "आज देतो, उद्या देतो, दिवाळीनंतर बघू" यात ती तीन वर्षे कधी निघून जातात ते कळत नाही. पहिली टाळाटाळ झाली की वकिलामार्फत नोटीस द्यावी, ओळख कितीही जुनी असो.

पैसे खात्यातूनच द्यावेत. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात वीस हजार किंवा अधिक रक्कम रोख घेण्यास आयकर कायद्याने २०१५ पासून मनाई केली आहे. "थोडे वर रोख द्या, खरेदीखतात कमी लावू, स्टँप वाचेल," हा सल्ला फुकट मिळतो. पण मुद्रांक सरकारी बाजारमूल्याच्या तक्त्यापेक्षा कमी धरतच नाहीत, आणि उद्या व्यवहार मोडला तर कोर्टात मागता येते ती कागदावर लिहिलेली रक्कम. वरची गेली. शेतजमीन सोडून इतर मिळकत पन्नास लाख किंवा त्याहून जास्त किमतीची असेल तर घेणाऱ्याने एक टक्का आयकर कापून भरायचा असतो, हे फ्लॅट घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. आणि एक चांगली गोष्टही सांगतो: राहते घर फक्त महिलेच्या नावे घेतले तर २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. घरच्या लक्ष्मीचे नाव कागदावर येण्यास एवढे कारण पुरे व्हावे.

गुंठा-गुंठा प्लॉट आणि मुखत्यारपत्र

शहरालगतच्या शेतात चुन्याच्या रेघा मारून गुंठ्यांनी विकलेले प्लॉट स्वस्त दिसतात. तुकडेबंदीचा कायदा १९४७ सालचा. २०२३ साली बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीसाठी वीस आणि बागायतीसाठी दहा गुंठे असे प्रमाणभूत क्षेत्र ठरले. त्यानंतरही या कायद्यात सवलती आणि दुरुस्त्या होत आल्या आहेत, म्हणून आपल्या गटाला आज काय लागू आहे ते वकिलाकडून लेखी घ्यावे. या कायद्याला बगल देण्यासाठी एजंट एक युक्ती करतात. दहा अनोळखी माणसांना एकत्र करून वीस गुंठ्यांचे एकच खरेदीखत, सगळ्यांची नावे एका सातबाऱ्यावर सामाईक. आपला प्लॉट कोणता, हे त्या दस्तात कुठेच नसते. रस्त्याकडेचा तुकडा कुणाचा यावरून पुढे डोकी फुटतात, आणि अशा जागेवर बँक घरकर्ज द्यायला नाखूष असते. शेतजमीन घ्यायला घेणारा शेतकरीच असावा लागतो ही अट आपल्याला अडत नाही, म्हणून आपण अशा व्यवहारात जास्त सहज ओढले जातो.

प्लॉट घ्यायचा तर बिनशेती आदेश आणि अंतिम मंजूर रेखांकन दोन्ही बघावे. तात्पुरत्या मंजुरीच्या नकाशावर बागेची जागासुद्धा प्लॉट म्हणून विकलेली निघते. 'गुंठेवारीत नियमित होईल' असे सांगितले तर नियमितीकरणाचा कागद मागावा. २००१ चा गुंठेवारी कायदा २०२१ च्या दुरुस्तीनंतर ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांपुरता वाढवला आहे. काल मारलेल्या रेघांना तो लागू नाही.

कुलमुखत्यारपत्रावर विक्री असेल तर दुप्पट सावध राहावे. नुसत्या मुखत्यारपत्राने आणि साठेखताने मालकी येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सांगून टाकले आहे. मुखत्याराने मालकाच्या वतीने रीतसर खरेदीखत करून देणे वेगळे. तिथेही मूळ मालक हयात आहे का हे पाहावे, कारण तो वारला की साधारणपणे मुखत्यारपत्र संपते. शक्य तर मालकाला प्रत्यक्ष भेटावे. "म्हातारे मुंबईला असतात, येणं जमत नाही," असे म्हटले तर एसटीचे तिकीट काढून आपणच मुंबईला जावे.

फ्लॅट

नव्या इमारतीतल्या फ्लॅटचे काम त्या मानाने सोपे झाले आहे. ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या प्रकल्पाची महारेराकडे नोंदणी लागते. तिथे मालकी अहवाल, बोजे, कोर्टातले दावे बघायला मिळतात. नोंदणीकृत करार होण्यापूर्वी बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. मालकी अहवाल मात्र बिल्डरच्या वकिलाचा असतो, तो आपल्या वकिलाकडून वाचून घ्यावा. ताबा घेताना भोगवटा प्रमाणपत्र मागावे. जुना फ्लॅट असेल तर सोसायटीचा ना-हरकत दाखला, भाग प्रमाणपत्र, आधीच्या सगळ्या करारांच्या मूळ प्रती, आणि जमीन सोसायटीच्या नावे झाली आहे का, हे पाहावे. झाली नसेल तर २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग आहे, पण ते काम सोसायटीने करायचे असते.

खरेदी झाल्यावर

खरेदीखतावर सही झाली की चार महिन्यांच्या आत ते नोंदणीस दाखल करावे लागते, पण आम्ही म्हणू त्याच दिवशी करावे. त्यानंतर पेढे वाटून स्वस्थ बसू नये. फेरफाराची नोंद धरली गेली का, हितसंबंधितांना नोटिसा निघाल्या का, हरकत आली का, आणि मंडळ अधिकाऱ्यांनी ती प्रमाणित केली का, हे स्वतः जाऊन पाहावे. मिळकत पत्रिका असेल तर हीच चौकशी भूमी अभिलेख कार्यालयात. घरपट्टी, पाणीपट्टी आणि महावितरणचे मीटर आपल्या नावे करून घ्यावे, आणि विकणाऱ्याची थकबाकी नसल्याची पावती शेवटचा हप्ता देण्याआधी हातात असावी.

विकणाऱ्याकडून त्याच्या खरेदीचे आणि त्याच्याही आधीचे मूळ दस्त मागून घ्यावेत. त्याच्याजवळ पडून राहिलेले मूळ कागद पुढे कुठल्या पतसंस्थेत गहाण निघतील, सांगता येत नाही. आपले खरेदीखत कर्जासाठी बँकेत ठेवले असेल तर बँकेकडून कागदांच्या यादीची सही-शिक्क्याची पोच घ्यावी. सूची क्रमांक २ ची प्रत, शोध अहवाल, जाहीर नोटिशीचे कात्रण आणि वकिलाच्या फीची पावती एकाच पिशवीत घालून, घरातल्या निदान दोघांना ठाऊक असेल अशा जागी ठेवावी.